उमेदवाराच्या घरातले मूल

लोकसभेच्या निवडणुकीस उभे राहणाऱ्या गृहस्थास २५,००० रुपये अनामत भरावी लागते, मतदारयादीतील सूचकाची सही आणावी लागते, आणि आपली मालमत्ता, आपली देणी व आपल्यावरील फौजदारी खटले ह्यांचा तपशील शपथपत्रात नमूद करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ सालच्या निर्णयांनंतर रूढ झालेल्या ह्या शपथपत्रात उमेदवाराच्या रकान्याशेजारी पतीचा अथवा पत्नीचा रकाना असतो आणि त्यापुढे अवलंबितांचे रकाने येतात; म्हणजे घरातल्या अल्पवयीन मुलीच्या नावे बँकेत किती ठेव आहे आणि तिच्या मालकीचे किती ग्रॅम सोने आहे, हे साऱ्या मतदारसंघाला वाचावयास मिळते. मतदाराला ही माहिती मिळणे इष्टच आहे, कारण मुलांच्या नावावर संपत्ती ठेवण्याची वाट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या संपूर्ण दस्तऐवजात, सूचकाच्या सहीपासून नोटरीच्या शिक्क्यापर्यंत, ज्या मुलाचे आयुष्य ह्या अर्जाने सर्वांत अधिक पालटणार असते त्याला कोणी काही विचारल्याची खूण कोठेही सापडत नाही. आणि कायद्याने ती मागावी असेही कोणी म्हणणार नाही, कारण अल्पवयीनाची संमती ही कायद्याच्या दृष्टीने संमतीच नव्हे. ह्या न विचारलेल्या मुलाविषयी मला आज लिहावयाचे आहे.

आपल्या महाराष्ट्रात निवडणूक जाहीर झाली की उमेदवाराच्या घरी पहाटेपासून माणसांचा राबता सुरू होतो. दारात चपलांचा ढीग पडतो, ओसरीवर गावोगावचे कार्यकर्ते बसलेले असतात, चहाचे आधण शेगडीवरून उतरत नाही, आणि ज्या खोलीत मुलाने दप्तर ठेवावे तेथे मतदारयाद्यांचे गठ्ठे आणि प्रचारपत्रकांच्या थप्प्या लागतात. वडील रात्री दीड-दोन वाजता परततात आणि मूल उठण्यापूर्वी पुन्हा बाहेर पडलेले असतात. आई प्रचारफेरीत दारोदार हिंडत असते. आणि मुलाचे जेवणखाण, शाळेत पोचवणे, तापाचे औषध हे सारे कोणा मामाकडे अथवा एखाद्या विश्वासू कार्यकर्त्याकडे सोपवलेले असते, जो ते मनापासून करतो, पण जो त्याचा बाप नव्हे. वर्गात शेजारच्या बाकावर विरुद्ध पक्षाच्या माणसाचा मुलगा बसतो, आणि सभेत ध्वनिक्षेपकावरून वडिलांच्या चारित्र्याविषयी जे बोलले गेले ते दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलाच्या कानी जसेच्या तसे पडते. निकालाच्या दिवशी हार झाली असेल तर विजयी उमेदवाराची गुलालाची मिरवणूक पराभूताच्या दारापुढे मुद्दाम रेंगाळवण्याची एक दुष्ट चाल आपल्याकडे पडली आहे. वडीलधारी माणसे अशा वेळी दारे लावून आत बसतात, कारण राजकारणाची रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. परंतु ज्यांनी परवापर्यंत आपल्या आजीच्या हातचे पाणी घेतले तेच आज दारापुढे का नाचत आहेत, हे खिडकीशी उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या पोराला कोणत्या शब्दांत समजवावे?

ह्या मुलाचे जे नुकसान होते त्यापैकी काही उच्च पदाच्या आकांक्षेशी मुळातच जोडलेले आहे, आणि कोणी टाळू म्हटले तरी ते पुरते टळणार नाही. परंतु त्याहून मोठा भाग आपण, म्हणजे मतदारांनी, पक्षांनी आणि वृत्तपत्रांनी, निर्माण केलेला आहे, आणि तो मनात आणले तर थांबवता येईल, असे माझे मत आहे. उमेदवारी ही एका प्रौढ माणसाने स्वखुशीने पत्करलेली गोष्ट आहे. तिच्या कक्षेत त्याच्या मुलाचे बालपण येत नाही आणि ते आणू नये, एवढाच माझा दावा आहे. तो नीट मांडण्यासाठी मी प्रथम अमेरिकेकडे वळतो, कारण देशातल्या सर्वोच्च पदाचा उमेदवार तेथे सबंध कुटुंबासह व्यासपीठावर उभा केला जातो, आणि त्या मुलांचे पुढे काय झाले ह्याची नोंद तेथील चरित्रग्रंथांत आणि पत्रव्यवहारात विपुल राहिली आहे.

अब्राहम लिंकन ह्यांचा थोरला मुलगा रॉबर्ट १८४३ साली जन्मला. त्याच्या बालपणी वडील वकिलीच्या निमित्ताने न्यायालयांमागून फिरत, आणि न्यायालयांचे काम संपले की राजकीय भाषणांसाठी फिरत. घरी ते पाहुण्यासारखे असत. १८५९ साली, सोळा वर्षांचा असताना, रॉबर्ट शिक्षणासाठी दूर न्यू हॅम्पशायरला गेला. १८६० च्या आरंभी न्यूयॉर्कचे आपले गाजलेले भाषण आटोपून लिंकन त्याला भेटण्यास तिकडे गेले, तर त्या भेटीतही आसपासच्या गावांत सभा झाल्याच. त्याच वर्षी वडील निवडून आले, आणि वृत्तपत्रांनी ह्या सतरा वर्षांच्या मुलाला इंग्लंडच्या युवराजाच्या नावाशी यमक जुळवून एक चेष्टेची पदवी बहाल केली. १८६१ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या वाटेवर असताना वडिलांनी एक पिशवी त्याच्या हाती सांभाळण्यास दिली. तिच्यात पदग्रहणाच्या भाषणाचा मसुदा होता, हे मुलाला ठाऊक नव्हते. हौशी मंडळींच्या गराड्यात त्याने ती एका हॉटेलच्या कारकुनाकडे टाकली, आणि ज्याच्या शब्दाकडे दुभंगू पाहणारे सारे राष्ट्र डोळे लावून बसले होते तो पुरुष हॉटेलच्या फडताळामागे सामानाच्या ढिगात आपली पिशवी हुडकत बसला. चरित्रकार हा प्रसंग गमतीने सांगतात. मला मात्र तो वाचताना त्या पोराचा चेहरा दिसतो, कारण राष्ट्राचे भवितव्य सांभाळण्याचे काम त्याने मागितले नव्हते आणि कोणी त्याला समजावूनही दिले नव्हते. पित्याच्या वधानंतर लिहिलेल्या एका पत्रात रॉबर्टने नमूद केले आहे की बालपणी वडील सदैव बाहेर असत, पुढे आपण शाळेसाठी आणि महाविद्यालयासाठी बाहेर राहिलो, त्यामुळे दोघांत फारशी जवळीक होणे अशक्यच झाले, आणि ते अध्यक्ष असताना तर कामाच्या व्यापामुळे त्यांच्याशी निवांतपणे दहा मिनिटेही बोलणे क्वचितच घडले. वाक्य तक्रारीचे नाही. हिशेब मांडावा तसे ते मांडलेले आहे, आणि म्हणूनच ते अधिक झोंबते. हा मुलगा पुढे युद्धमंत्री झाला, इंग्लंडात अमेरिकेचा वकील झाला, एका मोठ्या रेल्वे-डबे कंपनीचा अध्यक्ष झाला. राष्ट्राध्यक्षपदासाठी त्याचे नाव अनेकदा पुढे करण्यात आले, आणि त्याने त्या पदाची आस कधीच धरली नाही.

येथे कोणी विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे, की एका मुलाची दहा मिनिटे आणि चाळीस लक्ष गुलामांची मुक्तता ह्यांची तुलना करणारे तुम्ही कोण? मी ती तुलना करीतच नाही. काही माणसांची वेळ राष्ट्राला हवी असते, आणि ती देताना त्यांची मुले जे गमावतात ते परत देण्याचा उपाय कोणापाशी नाही. १९२८ च्या उन्हाळ्यात जवाहरलाल अलाहाबादेत आणि दहा वर्षांची इंदिरा मसुरीस असताना त्यांनी तिला सृष्टीच्या आणि मानवाच्या प्रारंभाविषयी पत्रे लिहिली; पुढे १९३० पासून तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत जगाचा इतिहास सांगितला. ह्या पत्रांचे मोल मी जाणतो, परंतु पत्र हे दूर असलेल्या बापाचेच साधन असते, आणि साऱ्या आयुष्यात सुमारे नऊ वर्षे बंदिवासात काढणाऱ्या पित्याच्या ह्या एकुलत्या कन्येने आईच्या आजारपणाचा आणि १९३६ साली झालेल्या तिच्या मृत्यूचा काळ कसा काढला असेल, हे त्या पत्रांच्या सुंदर शैलीआड झाकले जाऊ नये. तरीही त्या मुलीपाशी एक गोष्ट होती, जी आजच्या उमेदवाराच्या मुलापाशी बहुधा नसते: वडील का घरी नाहीत ह्याचे कारण तिला दिसत होते. तुरुंगाचे दार मुलाला समजते. दौऱ्याचा कार्यक्रम, पक्षश्रेष्ठींची भेट, तिकिटासाठी दिल्लीचा मुक्काम ह्यांतले त्याला काही समजत नाही, आणि समजावे अशी अपेक्षाही अन्यायाची आहे.

वेळेचे हे नुकसान बाजूला ठेवून मी दुसऱ्या नुकसानाकडे येतो, जे राष्ट्रकार्याने होत नाही, आपल्यामुळे होते. १८८४ साली ग्रोव्हर क्लीव्हलंड अध्यक्षपदासाठी उभे असताना, अविवाहित असताना त्यांना एका स्त्रीपासून मुलगा झाल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्यांनी ते नाकारले नाही आणि खरे ते सांगा असे सहकाऱ्यांना कळवले, ह्याबद्दल इतिहासकार त्यांचा गौरव करतात; परंतु त्या प्रचारात विरोधकांनी रस्तोरस्ती जी घोषणा दिली ती त्या मुलाच्या आवाजात होती, माझा बाबा कोठे आहे असे तो आईला विचारीत आहे अशी ती होती, आणि एका व्यंगचित्र-साप्ताहिकाने आईच्या कडेवर आक्रोश करणारे बाळ आणि कानांवर हात ठेवलेला उमेदवार असे चित्र छापले. ते मूल त्या वेळी दहा वर्षांचे होते आणि दुसऱ्याच कुटुंबात वाढत होते. लक्षावधी कंठांनी त्याच्या नावाने हंबरडा फोडला, पण ते मूल आता काय खाते, कोठे शिकते, त्याला खरोखर बाप हवा आहे काय, हे त्यांपैकी कोणालाही विचारावेसे वाटले नाही. नऊ वर्षांनी हेच क्लीव्हलंड दुसऱ्यांदा अध्यक्ष झाले तेव्हा त्यांची औरस कन्या रूथ अजून पुरती दोन वर्षांची झाली नव्हती. दाईसह ती अध्यक्षीय निवासाच्या हिरवळीवर असताना बघ्यांनी तिला उचलून हातोहात फिरवले, आणि त्यानंतर त्या बागेचे दरवाजे आईने लोकांसाठी बंद करविले, असे सांगतात. एका मुलाला लोकांनी शिवी म्हणून वापरले आणि दुसरीला खेळणे म्हणून. दोन्ही वेळी लोकांना आपला हक्क बजावत आहोत असेच वाटत होते.

लोक असे वागतात हे ओळखून बाप जेव्हा स्वतःच मुलांना पुढे करतो, तेव्हा दोष दुप्पट होतो. २३ सप्टेंबर १९५२ रोजी उपाध्यक्षपदाचे उमेदवार रिचर्ड निक्सन ह्यांनी आपल्या समर्थकांनी जमवलेल्या सुमारे १८,००० डॉलरांच्या निधीविषयी दूरचित्रवाणीवरून खुलासा केला, जो सुमारे सहा कोटी लोकांनी पाहिला. हिशेबाचे मुद्दे देऊन झाल्यावर त्यांनी टेक्ससमधून भेट आलेल्या काळ्या-पांढऱ्या कुत्र्याच्या पिल्लाचा उल्लेख केला: सहा वर्षांच्या थोरल्या मुलीने त्याचे नाव ठेवले आहे, मुलींचा त्याच्यावर जीव आहे, आणि कोणी काहीही म्हणो, ते पिल्लू आम्ही ठेवून घेणार. तारा आणि पत्रांचा पाऊस पडला आणि उमेदवारी वाचली. निधीविषयीचे प्रश्न बरोबर होते की चूक, हे मी येथे ठरवीत नाही. पण त्या प्रश्नांना द्यावयाचे उत्तर सहा आणि चार वर्षांच्या दोन मुलींच्या लळ्याआडून दिले गेले, आणि त्या दिवसापासून त्यांचे ते पिल्लू त्यांचे एकट्यांचे राहिले नाही, तर अमेरिकन राजकारणाच्या इतिहासात जमा झाले. १९८० साली अध्यक्ष जिमी कार्टर ह्यांनी रेगन ह्यांच्याशी झालेल्या जाहीर वादविवादात, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता असे आपण आपल्या मुलीला विचारले आणि तिने अण्वस्त्रांचे नाव घेतले, असे सांगितले. मुलीचे उत्तर तिच्या वयाच्या मानाने गंभीर होते. परंतु देशभर हसे झाले ते तेरा वर्षांच्या एमीच्या नावाने.

ह्याहून मनात रुतून बसलेला प्रसंग क्लिंटन कुटुंबातला आहे, आणि त्यात कोणी वाईट नाही, म्हणूनच तो अधिक विचार करण्याजोगा आहे. बिल क्लिंटन १९८६ साली आर्कन्सा राज्याच्या गव्हर्नरपदासाठी पुन्हा उभे होते आणि मुलगी चेल्सी सहा वर्षांची होती. निवडणुकीत लोक आपल्या वडिलांविषयी भयंकर आणि खोटेही बोलतील, ह्याची तिला आधीच कल्पना द्यावी असे आईवडिलांनी ठरवले. आणि हिलरी ह्यांनी १९९६ सालच्या आपल्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, रात्रीच्या जेवणाच्या मेजावर त्यांनी एक खेळ मांडला. मुलीने वडिलांची भूमिका घ्यावयाची आणि आपण चांगले काम केले आहे, मते द्या, असे भाषण करावयाचे. वडिलांनी प्रतिस्पर्ध्याची भूमिका घ्यावयाची आणि ह्या गव्हर्नराने किती वाईट कारभार केला हे तिच्या तोंडावर सांगावयाचे. मुलीचे डोळे भरून आले. कोणी बाबांविषयी असे का बोलेल, हे तिला कळेना. पुढे हा खेळ पुन्हा पुन्हा खेळला गेला आणि हळूहळू ती आपल्या भावनांवर ताबा ठेवण्यास शिकली. आईवडिलांची दूरदृष्टी मी मान्य करतो, त्यांच्या जागी दुसरे सुज्ञ पालक असते तर त्यांनीही कदाचित हेच केले असते. परंतु ज्या वयात बापाची निंदा ऐकून रडू येणे हेच निकोप मनाचे लक्षण, त्या वयात ते रडू थांबवण्याचा सराव खुद्द बापाकडून करवून घ्यावा लागतो, तेव्हा त्या समाजाच्या निवडणुकीत काही तरी मूलतः बिघडलेले आहे असे मानण्यावाचून मला गत्यंतर दिसत नाही. सहा वर्षांनी हे कुटुंब वॉशिंग्टनला निघाले तेव्हा ती सराव केलेली मुलगी बारा वर्षांची होती, आणि दूरचित्रवाणीवरील नामांकित मंडळींनी तिच्या रूपावरून विनोद केले. एका कार्यक्रमाच्या निर्मात्यांना पुढे त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्यानंतरची आठ वर्षे मात्र तेथील बहुतेक वृत्तपत्रांनी तिला तिच्या वाटेने वाढू दिले. लोकांचे त्यावाचून काही अडले नाही.

बराक ओबामा २००८ साली प्रचारात असताना थोरल्या मुलीचा दहावा वाढदिवस ४ जुलै रोजी मोंटाना राज्यातील ब्यूट ह्या गावी, प्रचाराच्या धामधुमीतच, साजरा झाला, आणि त्याच वेळी सारे कुटुंब दूरचित्रवाणीवरील एका मनोरंजन-कार्यक्रमाच्या मुलाखतीस बसले. मुली मोकळेपणाने बोलल्या, देशाला त्या आवडल्या, आणि काही दिवसांतच वडिलांनी जाहीरपणे सांगितले की हे करावयास नको होते आणि पुन्हा करणार नाही. उमेदवाराने आपल्या लोकप्रियतेत भर घालणाऱ्या गोष्टीबद्दल असा पश्चात्ताप व्यक्त करणे दुर्मीळ आहे आणि मी त्याचा आदर करतो. परंतु मागणी निर्माण झालेली होती. त्यांनी अधिकारग्रहण केले त्याच महिन्यात एका खेळण्यांच्या कंपनीने त्या दोन मुलींची नावे दिलेल्या बाहुल्या बाजारात आणल्या, आणि आईच्या कार्यालयाने हरकत घेतल्यावर ती नावे बदलावी लागली.

ही मागणी का असते? माणूस घरात कसा आहे हे कळले की तो दरबारात कसा वागेल हे कळेल, अशी एक जुनी समजूत तिच्या मुळाशी आहे, आणि ती मला खरी वाटत नाही. जो आपल्या मुलाला प्रेमाने कडेवर घेतो तो दुष्काळी तालुक्यातल्या छावणीचे बिल वेळेवर मंजूर करीलच असे नाही. जगातल्या कित्येक निष्ठुर सत्ताधीशांनी आपल्या मुलांचे लाड केलेले आहेत, आणि लिंकनसारखा मुलाला दहा मिनिटे देऊ न शकलेला पुरुष राष्ट्राचा तारणहार ठरलेला आहे. मतदाराने पारखावयाच्या गोष्टी पुष्कळ आहेत: मागील कारकिर्दीतला कारभार, सभागृहातली हजेरी, केलेली भाषणे, दिलेली मते, जमवलेली मालमत्ता. त्या पारखण्यास कष्ट पडतात. कुटुंबाचे छायाचित्र पाहण्यास पडत नाहीत, आणि आपल्या ह्या आळसाची किंमत मुले देतात.

आपल्याकडे ही किंमत निराळ्या रीतीनेही वसूल होते, आणि त्यासाठी फार उंच पदाकडे पाहावे लागत नाही. गावात सरपंचपद हेच उच्च पद. दोनांहून अधिक अपत्ये असणाऱ्यास ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद ह्यांची निवडणूक लढवता येऊ नये असे महाराष्ट्राने कायद्याने ठरवले, आणि त्यासाठी १२ सप्टेंबर २००१ ही तारीख मुक्रर केली. त्या तारखेनंतर जन्मलेले तिसरे मूल हे वडिलांच्या अथवा आईच्या अपात्रतेचे कारण झाले. लोकसंख्येला आळा घालण्याचा हेतू बरावाईट कसाही असो, सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हरियाणाच्या खटल्यात असा नियम वैध ठरवला आहे, आणि कायद्याचा वाद मी येथे घालीत नाही. मी त्या तिसऱ्या मुलाकडे पाहतो. अर्जांच्या छाननीच्या दिवशी तहसील कचेरीत विरोधक हरकत घेतो आणि पुरावा म्हणून त्याचा जन्मदाखला, अंगणवाडीच्या नोंदवहीची नक्कल, शाळेच्या दाखलखारिज नोंदवहीचा उतारा पुढे करतो. ज्या कागदाने त्याचे अस्तित्व सिद्ध होते त्याच कागदाने बापाचा अर्ज नामंजूर होतो. निवडून आल्यानंतर हरकत निघाली तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे अपात्रतेचा अर्ज चालतो, आणि कैफियतीत कधी बाप म्हणतो की हे मूल माझे नव्हे, भावाचे आहे. ओडिशातील एका सरपंचाच्या प्रकरणात तिसरे मूल दत्तक दिल्याचा बचाव करण्यात आला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. खुर्चीसाठी बापाने आपल्याला कागदोपत्री दुसऱ्याचे केले, हे पुढे ज्या दिवशी त्या मुलाला कळेल त्या दिवसाची तरतूद कोणत्याही अधिनियमात नाही.

आणि जे मूल अपात्र करीत नाही त्याला आपण वारस करून टाकतो. नेत्याचा मुलगा चौथीत असतो तेव्हाच पन्नाशीतले कार्यकर्ते त्याला दादा म्हणू लागतात, त्याची बहीण ताईसाहेब होते, वाढदिवसाला चौकात त्याचे फलक लागतात आणि त्यावर शुभेच्छुकांची रांग असते. सभेत त्याच्या हाती ध्वनिक्षेपक दिला जातो, त्याने पाठ केलेली चार वाक्ये म्हटली की टाळ्या पडतात, आणि घरी परतल्यावर आजोबांचा हुबेहूब आवाज असल्याचे कौतुक होते. त्याच्या मोठेपणीच्या निवडीवर माझा आक्षेप नाही. सज्ञान झाल्यावर कोणीही राजकारणात यावे, मुलानेही यावे, लोकांनी त्याला पारखून घ्यावे किंवा नाकारावे. परंतु पाटीलकी-देशमुखीची वतने कायद्याने गेल्यावर आपण ती मनात का जपून ठेवली आहेत? ज्या मुलाला चित्रे काढावयाची आहेत, किंवा ज्या मुलीला गावापासून दूर एखाद्या प्रयोगशाळेत निनावी राहून काम करावयाचे आहे, तिला मतदारसंघ मोकळा ठेवता येणार नाही असे लहानपणापासून ऐकवणे, हे तिच्यावरील प्रेम नव्हे, आपली सोय आहे. नेत्याशी बांधलेली आपली कामे त्याच्या पश्चात अडू नयेत म्हणून आपण त्याचे मूल तारण धरून ठेवतो. रॉबर्ट लिंकनला आपल्या इच्छेप्रमाणे नकार देता आला. आपल्याकडच्या मुलाने तो दिला तर कार्यकर्ते घरी येऊन आईपुढे रडतात.

निवडणूक आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ रोजी पक्षांना एक ताकीद दिली: प्रचारात, फलकांवर, पत्रकांवर, घोषणांत मुलांना वापरू नये, नेत्याने मुलाला कडेवर अथवा वाहनात घेऊन प्रचार करू नये. ह्या ताकिदीत मुंबई उच्च न्यायालयाच्या ४ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाचा आधार घेतलेला आहे, आणि महाराष्ट्रातून निघालेल्या एका जनहित याचिकेने हे घडले ह्याचा मला अभिमान वाटतो. मात्र त्या आदेशाचा रोख मुख्यतः प्रचाराला जुंपल्या जाणाऱ्या गरिबांच्या मुलांकडे होता, आणि आयोगानेही, आईवडिलांसोबत नेत्याच्या आसपास असलेले, प्रचारात भाग न घेणारे मूल उल्लंघनात मोडत नाही, असा अपवाद ठेवला आहे. नेत्याचे स्वतःचे मूल ह्या अपवादातून सहज निसटते, कारण ते नेहमीच आईवडिलांसोबत असते आणि प्रचारात भाग घेत नाही असे नेहमीच म्हणता येते. आयोगाने हा अपवाद उमेदवाराच्या अल्पवयीन मुलांपुरता काढून टाकावा.

वृत्तपत्रांना तर आयोगाची वाट पाहण्याचे कारणच नाही. ब्रिटनमधील संपादकांच्या आचारसंहितेत असे एक कलम आहे की पालकाची कीर्ती, कुप्रसिद्धी किंवा अधिकारपद एवढ्याच कारणावरून मुलाच्या खाजगी आयुष्याचा तपशील छापता येणार नाही. तेच कलम मराठी वृत्तपत्रांनी आपणहून स्वीकारावे, असे मी ह्याच पानावरून सुचवितो. उमेदवाराच्या अठरा वर्षांखालील मुलाचे नाव, शाळा, परीक्षेचे गुण, आजार आणि छायाचित्र छापू नये, मग ते खुद्द उमेदवाराच्या कार्यालयाने पाठवलेले असो. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिरातीत त्या वयाचे मूल असेल तर जाहिरात परत करावी आणि त्यात बुडणारे उत्पन्न बुडू द्यावे. मुलाच्या नावे जमीन घेतली गेली असेल, किंवा सरकारी पैसा त्याच्यावर खर्च झाला असेल, तर ती बातमी पहिल्या पानावर यावी, पुराव्यांसह यावी, आणि तिच्यात नाव यावे ते ज्याने व्यवहार केला त्या बापाचे किंवा आईचे.